बाणामागची पिसे

धर्मगुरूच्या लेखणीतून बाण, फाळ आणि शिकार यांविषयी काही उतरावे, हे आमच्या काही वाचकांस विचित्र वाटेल. तसे वाटण्यास ख्रिस्तसभेच्या परंपरेचाही आधार आहे. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शिकारीपासून दूर राहण्यास बजावले होते. १९१७ च्या कॅनन कायद्यातील १३८ व्या कलमाने तोच दंडक पुन्हा घालून दिला. धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये आणि गाजावाजा करून केलेल्या शिकारीत तर कधीच भाग घेऊ नये, असा त्याचा आशय होता. १९८३ च्या नव्या संहितेत हे कलम त्या रूपात उरलेले नाही; परंतु आपल्या जीवितधर्माला न शोभणाऱ्या गोष्टी धर्मगुरूंनी टाळाव्यात, हे तत्त्व तिथेही कायम आहे. शिवाय आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा विषय केव्हाच मागे पडला आहे. आम्ही स्वतः कधी कोणत्याही प्राण्यावर बाण सोडलेला नाही आणि या वयात सोडण्याची इच्छाही नाही.

तरीही बाणामागे कोणती पिसे लावावीत, या प्रश्नाने आम्हांस जितके शिकवले तितके सेमिनरीतील काही जाडजूड ग्रंथांनीही शिकवले नाही, असे आम्ही प्रांजळपणे म्हणू शकतो. त्या शिकवणीचा थोडासा प्रसाद आमच्या धर्मग्रामीण कुटुंबांना वाटावा, एवढाच या लेखाचा हेतू.

२०१२ ते २०१७ या काळात आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा गावात सेवेस होतो. दुधाचा धंदा करणारे शेतकरी, लाकूडकाम करणारे कारागीर आणि निवृत्त जीवन कंठणारी म्हातारी माणसे, असा आमचा कळप. हिवाळा लांबलचक आणि कडक. तिथल्या लोकांचे वर्ष जितके आगमनकाळ आणि उपवासकाळाने मोजले जाते, तितकेच हरणांच्या हंगामानेही मोजले जाते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास उघडतो; बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या राज्यात पांढऱ्या शेपटीची हरणे दहा लाखांहून अधिक आहेत. त्यांना खाणारे लांडगे माणसाने १९६० च्या सुमारास तिथून नाहीसे केले होते. पुढे ते शेजारच्या राज्यातून परतले खरे, पण हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम आजही मुख्यतः शिकाऱ्यांकडेच आहे. मारलेल्या हरणाचे मांस वर्षभर घरात शिजते, शेजाऱ्यांत वाटले जाते आणि गरिबांच्या अन्नछत्रांतही पोहोचते. हे सारे आम्ही पाहिले, म्हणूनच सांगतो आहोत.

तिथे गेल्यावर पहिल्याच सप्टेंबरात लोकांनी आम्हांस विनंती केली, 'फादर, रविवारच्या मिस्सानंतर शिकाऱ्यांना आशीर्वाद द्या.' आम्ही अडखळलो. आमचे बालपण वसईच्या वाड्यांत गेलेले. संत सेबेस्टियनची बाणांनी विंधलेली मूर्ती पाहून लहानपणी आमच्या अंगावर काटा येत असे. बाण म्हणजे हुतात्म्याच्या देहात रुतलेली वस्तू, एवढेच आमचे बाणविषयक ज्ञान. ज्या वस्तूचा उपयोग जीव घेण्यासाठी होतो, तिच्यावर पवित्र पाणी कसे शिंपडावे?

आम्ही धर्मशिक्षणाचा ग्रंथ उघडला. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथात प्राण्यांविषयीची शिकवण अगदी थोडक्यात, पण स्पष्ट दिली आहे. अन्नवस्त्रासाठी माणसाने प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे; मात्र त्यांना विनाकारण यातना देणे वा विनाकारण मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला न शोभणारे आहे. म्हणजे प्रश्न 'मारावे की न मारावे' एवढ्यावर संपत नव्हता. यातना होऊ नयेत म्हणून मारणारा काय करतो, हा खरा प्रश्न होता. आशीर्वाद देण्यापूर्वी आम्हांला हे समजून घ्यायचे होते. म्हणून आम्ही धर्मग्रामातील सत्तरीच्या एका गृहस्थांकडे गेलो. आयुष्यभर गाई पाळलेला, बोलायला मोजका माणूस. त्यांच्या तळघरात एक लांब बाक होता आणि त्यावर बाण करण्याचे सारे साहित्य मांडलेले असे. पुढील पाच वर्षांत त्या बाकाशी आम्ही कित्येक संध्याकाळी काढल्या.

*

बाण पुढे जातो तो फाळामुळे, असा आपला समज असतो. अर्जुनाला पक्ष्याचा केवळ डोळा दिसला, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या बाणाला पिसे कोणी लावली, हे कोणी विचारत नाही. वास्तविक आपल्या प्राचीनांना पिसांचे मोल ठाऊक होते. संस्कृत काव्यांत बाणाला 'कंकपत्र' म्हटलेले आढळते ते कंक पक्ष्याच्या पिसांवरूनच. इंग्लंडात रॉजर ॲस्कम या विद्वानाने १५४५ साली धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. त्यातही कोणत्या पक्ष्याचे पीस चांगले याची चर्चा आहे आणि त्याचा कौल हंसकुळातल्या गूज पक्ष्याला आहे.

पिसांचे काम समजण्यासाठी बाण सुटतो तेव्हा काय होते ते पाहावे लागेल. दोरीचा धक्का मागून बसतो आणि बाणाची दांडी क्षणभर वाकते. ती डावीउजवीकडे वा वरखाली थरथरतच निघते. डोळ्यांना हे दिसत नाही, परंतु सरळ दिसणारा प्रत्येक बाण आरंभी थोडासा वाकडाच चालतो. या वेळी मागच्या टोकाला असलेली पिसे हवेला अडवतात. बाणाचे वजन पुढे आणि हवेचा अडथळा मागे, अशी रचना झाली की मागचे टोक पुढच्या टोकामागे ओढले जाते आणि बाण आपल्या वाटेवर येतो. पिसे किंचित तिरकी लावली तर बाण स्वतःभोवती फिरूही लागतो, आणि त्या फिरण्यामुळे दांडीतले वा फाळातले बारीकसारीक दोष एकाच दिशेला साचत नाहीत.

आता सरावाचे टोक आणि शिकारीचा फाळ यांत मोठे अंतर आहे. सरावाचे टोक गोळीसारखे गुळगुळीत असते. हवा त्याच्याशी भांडत नाही. शिकारीच्या फाळाला मात्र दोन, तीन वा चार रुंद धारदार पाती असतात. या फाळांचे दोन प्रकार आहेत. एकात पाती मिटलेली राहतात आणि प्राण्याला लागताच उघडतात. दुसऱ्यात ती कायमची उघडी असतात. त्याला आपण स्थिर पात्यांचा फाळ म्हणू. यात मोडण्यासारखे वा अडकण्यासारखे काही नसते, म्हणून अनेक जुने शिकारी त्यालाच पसंती देतात. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. ती उघडी पाती हवेत पंखांसारखी वागतात. बाण जराही तिरका निघाला, तर पुढचे हे पंख त्याला आणखी तिरके ओढू पाहतात. मग पुढच्या पंखांची आणि मागच्या पिसांची रस्सीखेच सुरू होते. मागची पिसे दुबळी असतील तर पुढचा फाळ जिंकतो आणि बाण भलतीकडे जातो.

म्हणून तिथला साधा नियम असा : फाळ जितका रुंद, तितके मागचे बळ अधिक हवे. ते बळ कसे आणायचे याचे पर्याय त्या गृहस्थांनी आम्हांस बाकावर मांडून दाखवले. प्लॅस्टिकचे पंख, ज्यांना तिकडे 'व्हेन' म्हणतात, ते दोन इंची आणि उंच असू शकतात किंवा चार इंची आणि ठेंगणे. तीन लावता येतात, चारही लावता येतात. सरळ लावता येतात, किंचित तिरके लावता येतात किंवा दांडीभोवती वेलीसारखा पीळ देऊन लावता येतात. स्थिर पात्यांच्या फाळासाठी ते नेहमी पीळ पसंत करीत. उंच पंखाला हवा चांगली धरता येते. परंतु सुटताना तो धनुष्यावरील आधाराला घासण्याची भीती असते. जिथे तशी भीती असेल तिथे तीन उंच पंखांऐवजी चार ठेंगणे पंख लावावेत.

खऱ्या पिसांची गोष्ट निराळी. ती टर्कीच्या पंखातून घेतात. त्याच लांबीच्या प्लॅस्टिकच्या पंखाच्या साधारण एक तृतीयांश वजनात ती बसतात, त्यामुळे बाणाचे वजन पुढेच राहते. त्यांचा खडबडीतपणा हवा अधिक धरतो आणि कुठे घासली तर ती नमतात, बाणाला ढकलत नाहीत. मात्र पावसात ती भिजून चिपकतात आणि उडताना थोडा अधिक आवाज करतात. आणखी एक बारकावा असा की पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखातील पिसांची नैसर्गिक वळणे परस्परविरुद्ध असतात. एकाच बाणाला दोन्ही प्रकारची पिसे लावून चालत नाही. तीनही एका बाजूची हवीत, आणि पीळही त्याच बाजूचा हवा.

'मग सर्वांत मोठी पिसे लावली की झाले!' असे आम्ही एकदा सहज म्हणालो. ते हसले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. पिसे फार मोठी झाली तर बाण लांबवर जाताना मंदावतो, आडव्या वाऱ्याला बळी पडतो आणि आवाज करतो. हरणाचे कान तीक्ष्ण असतात. वीस यार्डांवरून, म्हणजे सुमारे अठरा मीटरवरून, सेकंदाला २७० फूट वेगाने सुटलेल्या बाणाला पोहोचण्यास सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक वेळ लागतो. दोरीचा आवाज मात्र त्याच्या सुमारे चौथ्या भागाएवढ्या वेळातच पोहोचतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते, आणि बाण नेमलेल्या जागी न लागता वर लागतो. तेव्हा पिसे पुरेशी हवीत, अवाजवी नकोत. किती पुरेशी, हे पुस्तकात नसते; प्रत्येक धनुष्याला, प्रत्येक फाळाला ते नव्याने पाहावे लागते.

*

हे सारे इतक्या बारकाईने त्यांनी का शिकून घेतले, ते पुष्कळ दिवसांनी कळले. पापनिवेदनात नव्हे, तर बाकाशी बसून कॉफी पिताना त्यांनी ते आम्हांस सांगितले. 'फादर, तुम्हांला उपयोग होत असेल तर प्रवचनात सांगा. फक्त माझे नाव नको,' असेही ते म्हणाले, म्हणूनच आम्ही ते इथे लिहीत आहोत.

आम्ही तिथे जाण्याच्या बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी त्यांनी नवे धनुष्य घेतले होते. उन्हाळाभर अंगणात सराव केला. सरावाच्या टोकांनी मारलेले सारे बाण मुठीएवढ्या जागेत लागत. हंगाम उघडला तेव्हा त्यांनी सरावाची टोके काढली, धारदार फाळ बसवले आणि झाडावर जाऊन बसले. पिसे तीच ठेवली होती, छोटी आणि सरळ. फाळ लावून एकही बाण त्यांनी आधी मारून पाहिला नव्हता. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी पंचवीस यार्डांवर एक मादी आली. बाण छातीत लागायचा तो वीतभर मागे, पोटात लागला. पोटात बाण लागलेले जनावर लगेच मरत नाही. रात्री पाऊस आला आणि रक्ताचा माग धुऊन गेला. ते दोन दिवस झाडाझुडपांत शोधत फिरले. ती सापडली नाही.

'ती कुठेतरी तासन्‌तास पडून राहिली असेल. माझा नेम चुकला, असे लोक म्हणतात. नेम बरोबर होता. मी बाण नीट पारखला नव्हता,' असे ते म्हणाले, आणि पुन्हा पंख चिकटवण्याच्या साच्याकडे वळले.

त्यानंतर त्यांनी आपला नेम नव्हे, तर आपली पद्धत बदलली. आधी ते पिसे नसलेला उघडा बाण मारून पाहू लागले. कारण पिसे नसली की धनुष्याचा दोष लपत नाही. मग ताणलेल्या कागदातून बाण मारायचा आणि कागद कसा फाटतो ते पाहायचे. सरळ भोक पडले तर बाण सरळ निघाला; लांबट चीर पडली तर तो तिरका निघाला, आणि कोणत्या बाजूला ते चीरच सांगते. धनुष्य जुळवून झाल्यावर मग पिसे, मग फाळ. मग तोच फाळ लावून, त्याच अंतरावरून, सरावाच्या टोकाशी ताडून पाहणे. दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत जंगलात जायचे नाही. आणि वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही, समोर कितीही मोठे शिंग दिसो.

अशी पद्धत पाळणारे ते एकटे नव्हते. ज्या राज्यात हे घडले, तिथेच १९३४ साली अमेरिकेतील हरणांचा पहिला स्वतंत्र धनुष्यबाण-हंगाम सुरू झाला. त्या राज्यात राहणारे आणि वनविद्येतील थोर विचारवंत मानले जाणारे आल्डो लिओपोल्ड स्वतःची धनुष्ये आणि बाण स्वतः बनवीत. त्याहीआधी, १९११ साली, कॅलिफोर्नियात इशी नावाने ओळखला गेलेला याही जमातीचा अखेरचा माणूस रानातून बाहेर आला. आपल्या साऱ्या जमातीचा नाश त्याने पाहिला होता. सॅक्सटन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्यबाण घडवण्याची आणि वापरण्याची कला शिकून घेतली; १९१६ साली इशी क्षयाने वारला. पोप यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकामुळे ती विद्या साऱ्या देशात पसरली. ज्यांना गोऱ्यांनी रानटी म्हणून मारले, त्यांच्यातल्याच एकाने गोऱ्यांना धनुष्यबाणाची विद्या दिली, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

*

पापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, 'हामार्तिया', त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो. हिब्रू भाषेतील शब्दही तसाच. शास्ते ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणवाल्यांचे वर्णन आहे. केसावर नेम धरला तरी तो न चुकणारे ते लोक. तिथे 'न चुकणे' यासाठी आलेले क्रियापद म्हणजे पापासाठी वापरले जाणारेच क्रियापद होय. हा अर्थ आम्ही प्रवचनांतून अनेकदा सांगितला आहे आणि श्रोत्यांनाही तो आवडतो. 'नेम चुकला' म्हटले की पाप जरा सुसह्य वाटते. पुन्हा बाण लावू, पुन्हा मारू!

त्या तळघरातल्या बाकाशी बसल्यावर त्या अर्थाची दुसरी बाजू आमच्या ध्यानी आली. लाकडी फळीवर नेम चुकतो तेव्हा फक्त गुण कमी होतात. परंतु धारदार फाळाचा बाण चुकतो तेव्हा तो हवेत विरून जात नाही. तो कुठेतरी, कुणाच्यातरी देहात जाऊन रुततो. रात्रभर झुडपात पडून राहते ती ज्याने बाण सोडला त्याच्याहून वेगळी व्यक्ती. आपण पापनिवेदनाला येतो, क्षमा मिळते, हलके होऊन घरी जातो. ते योग्यच आहे. परमेश्वराची दया तशीच आहे. परंतु ज्याला बाण लागला त्याचा माग काढायला कोण जातो? ते गृहस्थ दोन दिवस पावसात फिरले. आपण आपल्या भावाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा माग काढायला किती दिवस फिरलो, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

आणि बाण चुकतो तो नेहमी नेम वाईट असतो म्हणून नव्हे. आपले हेतू बहुधा चांगलेच असतात. मुलाचे बरे व्हावे म्हणून बाप बोलतो, सुनेने घर सांभाळावे म्हणून सासू बोलते, धर्मग्राम सुधारावा म्हणून धर्मगुरू वेदीवरून बोलतो. नेम बरोबर, पण शब्दाला पाती आहेत. काही माणसांच्या शब्दांची पाती मिटलेली असतात. ते गोड बोलतात आणि लागल्यावर उघडतात. त्यांचे आपण तूर्त बाजूला ठेवू. परंतु बाप, आई, शिक्षक, सरपंच, धर्मगुरू यांच्या शब्दांची पाती त्यांच्या अधिकारामुळे कायमचीच उघडी असतात. त्यांनी सहज उच्चारलेलेही कापते. अशा माणसांच्या बोलण्यामागे इतरांहून अधिक पिसे हवीत. बोलण्यापूर्वी ऐकलेले, एक रात्र मध्ये जाऊ दिलेली, समोरच्याच्या बाजूने एकदा विचार करून पाहिलेले, गुडघ्यांवर बसून देवाशी आधी बोललेले, ही ती पिसे. जमिनीच्या वाटणीचे बोलणे असो, लग्न मोडण्याचे असो वा वार्धक्यातल्या आईबापांनी कुणाकडे राहायचे याचे असो, विषय जितका धारदार तितकी पिसे मोठी असावीत.

मात्र फार मोठी पिसेही नकोत, हेही आम्ही तिथेच शिकलो. दुखेल म्हणून सत्य इतके गुंडाळायचे की ते कधी पोहोचतच नाही, वाटेतल्या प्रत्येक वाऱ्याने वळते, हाही दोषच. दारूत बुडालेल्या माणसाला 'जरा जपा हो' एवढेच सांगून परतणारा मित्र त्याच्या कुटुंबाला वाचवीत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हां भाविकांसाठी विशेष. पिसे धनुष्याचा दोष झाकू शकतात, काढू शकत नाहीत. ज्याचे धनुष्य वाकडे त्याने कितीही मोठी पिसे लावली तरी बाणाचे अर्धे बळ तो वाकडेपणा सावरण्यातच खर्ची पडते. आपल्यापैकी कित्येकांच्या नोव्हेना, जपमाळा, यात्रा यांचे असेच होते. दुकानातले माप खोटे असते, भावाशी दहा वर्षांचा अबोला असतो, आणि मग भक्तीची पिसे मोठमोठी लावून आपण बाण सरळ जाण्याची अपेक्षा करतो. आधी पिसे काढून उघडा बाण मारून पाहावा. कोणी पाहत नसताना, कोणताही सण नसताना, आपला साधा दिवस कोणत्या बाजूला तिरका जातो? कागदाची चीर खोटे बोलत नाही. आपल्या आत्मपरीक्षणाचा अर्थ यापेक्षा वेगळा नसावा.

श्रीमद्‌भागवतातील अवधूताच्या चोवीस गुरूंत एक बाण घडवणाराही आहे. राजाची मिरवणूक वाजतगाजत जवळून गेली तरी त्याला कळले नाही, इतका तो आपल्या बाणात रमला होता. एकाग्रतेचा गुरू म्हणून त्याला मान मिळाला. त्या कारागिराच्या एकाग्रतेत करुणाही असू शकते, एवढे आम्ही त्यात नम्रपणे जोडू इच्छितो. ते वृद्ध गृहस्थ एका पंखाचा पीळ दहादा तपासत, तो स्पर्धेत बक्षीस मिळावे म्हणून नव्हे. जिला ते अजून भेटले नव्हते अशा एका हरिणीला विनाकारण यातना होऊ नयेत, म्हणून. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक आले तेव्हा आम्ही ते धर्मग्रामाच्या सभेत वाचून समजावले. आणि सृष्टीविषयीच्या आदराचा अर्थ लोकांनी आम्हांला त्यांच्या बाकावरून अगोदरच समजावला होता, हे त्या सभेत मोकळेपणाने सांगितले.

शिकाऱ्यांना आम्ही आशीर्वाद दिला का? दिला. संत ह्युबर्ट हे शिकाऱ्यांचे आश्रयदाते; हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस पाहून त्यांचे मन पालटले, अशी त्यांची कथा सांगतात, आणि ३ नोव्हेंबर हा त्यांचा सण. ती कथा सांगून आम्ही दरवर्षी एकच प्रार्थना करीत असू : ज्याला बाण पारखता आला नसेल त्याला समोर हरीण आले तरी हात आवरण्याची बुद्धी दे. लोक त्यावर मोठ्याने 'आमेन' म्हणत.

*

आता आम्ही आपल्या मातीत, आपल्या माणसांत आहोत. इथे बाण नाहीत, तरी एक प्रकारचे बाण घरोघरी आहेत. स्तोत्रसंहितेतील १२७ व्या स्तोत्रात तरुणपणी झालेल्या मुलांना वीराच्या हातातील बाणांची उपमा दिली आहे. आमच्या धर्मग्रामातील बाण आज दूरवर जातात, दुबईला, कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला. त्यांचे फाळ आम्ही फार मेहनतीने घासतो. इंग्रजी शाळा, शिकवण्या, पदव्या, परीक्षा. त्यासाठी शेतवाडी विकणारेही आहेत. फाळाला धार हवीच. बोथट बाण कोणाच्या कामाचा नाही. परंतु फाळ जितका रुंद केला तितकी मागे पिसे लावली का, हे मुलाच्या विमानाच्या तिकिटाआधी पाहावे. आजीची बोली त्याला येते का? चुकल्यावर चुकलो म्हणण्याची सवय घरात कोणी लावली का? संध्याकाळची प्रार्थना त्याने आईबापांना गुडघे टेकून करताना पाहिली, की फक्त ऐकली? गरिबाच्या घरी त्याला कधी पाठवले का?

हे आताच पाहायला हवे, याचे कारण त्या वृद्ध गृहस्थांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले होते. दोरी सुटेपर्यंत सारे तुमच्या हातात असते, तुमचा खांदा, तुमचा श्वास, तुमचा डोळा. दोरी सुटली की तुमचे काहीच चालत नाही. ओरडून बाण वळत नाही आणि रडून परत येत नाही. त्यानंतर वाटभर त्याच्याबरोबर जातात ती फक्त तुम्ही लावलेली पिसे.